रीतसर काढलेला माणूस

तंबाखू सोडायची ठरवली तेव्हा बाबूजींनी तंबाखूला एक महिन्याची लेखी नोटीस दिली. पितळेच्या डबीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली: 'आजपासून एक महिन्यानंतर आपली गरज राहणार नाही.' खाली सही आणि तारीख. महिना भरला त्या दिवशी आम्ही सगळे डबीकडे डोळे लावून बसलो होतो. त्यांनी झाकण उघडलं, चिठ्ठीखाली 'मुदत वाढवली आहे' असं लिहिलं आणि चिमूट तोंडात टाकली. मी त्यांच्यासोबत काढलेल्या सहा वर्षांत ही मुदत पाच वेळा वाढली.

"असं तडकाफडकी नाही काढत गा कोणाले," ते मला म्हणाले. "तीस वर्षांची नोकरी आहे तिची."

न्हावी बदलायचा होता तेव्हाही हेच. त्या बिचाऱ्याला त्यांनी महिनाभर आधी समोर बसवून सांगितलं की तुझ्या कामात दोष काही नाही, पण दुसरा न्हावी घराजवळचा आहे. न्हाव्याला आयुष्यात कोणी असं सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं नुसती यायची बंद होत. त्याचे डोळे भरून आले आणि त्या महिन्यात त्याने इतकी सुरेख दाढी केली की बाबूजींना वस्तरा लागल्याचं कळत नसे. तरी महिना संपल्यावर ते गेले नाहीत ते नाहीतच.

बाबूजी म्हणजे आमचे रेकॉर्डकीपर. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या एका विलायती कंपनीचं ऑफिस होतं. खाणी तिकडे बालाघाटच्या जंगलात. नागपुरात फक्त कागद, आणि ते सगळे बाबूजींच्या ताब्यात. टाइपरायटरही त्यांच्याच हाती होता, त्यामुळे कंपनीला कोणाला काही सांगायचं असलं तर ते आधी बाबूजींना कळायचं. अंगात बारा महिने काळा अल्पाकाचा कोट. कोटाच्या आत बायकोकडून शिवून घेतलेला खास खिसा, आणि त्या खिशात मेणकापडात गुंडाळलेलं स्वतःचं नेमणुकीचं पत्र. लग्नाच्या पंगतीलाही ते खिशात असायचं.

"घरी का ठेवत नाही?" मी एकदा विचारलं.

"घर जळते."

"मग इथे कपाटात?"

"कपाट त्यांचं आहे."

मी नोकरीला लागलो त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "शेवटचं पान वाचलं का?" मला वाटलं, कुठल्या कादंबरीबद्दल बोलत आहेत. मी नेमणुकीच्या पत्रातला पगाराचा आकडा वाचला होता, तोही तीन-चार वेळा. "पगार तर ते आपसूकच सांगतात," ते म्हणाले. "जे नाही सांगत ते पाहून ठेवावं माणसानं." मग माझं पत्र त्यांनी शेवटच्या सहीपासून वर वर वाचत आणलं आणि कलम अकरावर बोट ठेवून मला मोठ्याने वाचायला लावलं.

कलम अकरा असं होतं. नोकर आपण होऊन सोडून गेला तर त्याला काही मिळणार नाही. दोषाबद्दल काढला तर त्याच दिवशी जायचं आणि काही मिळणार नाही. पण कंपनीने दोष नसताना, आपल्या सोयीसाठी काढला, तर तीन महिन्यांचा पगार हातात आणि शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार.

हे वाचून मी हसलो. एतद्देशीय कारकुनांवर कोणत्या विलायती कंपनीला इतकं प्रेम आलं असेल? बाबूजी हसले नाहीत. पहिल्या साहेबांनी त्यांना लंडनच्या नमुन्यावरून सगळ्यांची पत्रं तयार करायला सांगितलं होतं. तो नमुना विलायतेहून येणाऱ्या इंजिनियरांचा होता. "साहेबानं वगळा म्हटलं नाही. अन् मी मनानं काही वगळत नाही." साहेबांनी बारा पत्रांवर एका बैठकीत सह्या केल्या होत्या.

"वाचली नाहीत त्यांनी?"

"ते मले कसं माहीत असणार? सही करणाऱ्यानं वाचायचं असते."

शेवटाकडून वाचण्याची त्यांची ही सवय सर्वत्र लागू होती. वर्तमानपत्र ते मुद्रकाच्या नावापासून सुरू करत. वाचनालयातून मी त्यांना एकदा मोठ्या आग्रहाने एक कादंबरी आणून दिली. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक परत केलं. "लग्न झालं दोघांचं. म्हणजे मधात अडचणी असतीन. तेवढं समजते मले."

त्यांची बायको उमरेडकडची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. एका रविवारी मी महालातल्या त्यांच्या घरी गेलो तर कडाक्याचं भांडण चाललेलं. ती गाठोडं बांधत म्हणत होती, "मी चालली उमरेडले!" आणि हे शांतपणे विचारत होते, "एक मिनिट. तू स्वतःहून चालली, का मी पाठवून राहिलो? आधी ते ठरू दे."

ती माझ्याकडे वळली. "पाहा जी भाऊ! धड भांडूही नाही देत हा माणूस!"

ते ठरेपर्यंत भात लागल्याचा वास आला. ती गाठोडं टाकून चुलीकडे धावली आणि भांडण तसंच अनिर्णित राहिलं. बहुधा त्यांची सगळीच भांडणं तशी राहत.

पुढे पुढे रविवारी त्यांच्या ओसरीवर लोक कागद घेऊन येऊ लागले. गिरणीतले कारकून, कोणी कंपाउंडर, इतवारीतल्या कापडदुकानाचे मुनीम. ते कोणाकडून काही घेत नसत, पण कागद ज्याचा त्यानेच मोठ्याने वाचायचा, असा दंडक होता. एकदा एक खाजगी शाळेचे मास्तर आले. फेटा, उपरणं, बोलण्यात संस्कृत. त्यांच्या कागदात लिहिलं होतं की संस्थेच्या चालकांची मर्जी असेपर्यंत त्यांनी शिकवावं. मास्तरांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. बाबूजी म्हणाले, "मास्तर, ही नोकरी नाही, हा पाहुणचार आहे." मास्तर रागावून निघून गेले. दोन महिन्यांनी पुन्हा आले तेव्हा त्यांच्याजवळ कागदही नव्हता आणि शाळाही नव्हती.

ज्या उन्हाळ्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटतं, त्या उन्हाळ्याकडे आता येतो.

त्या वर्षी मँगनीजला गिऱ्हाईक उरलं नाही. लंडनहून तारा येऊ लागल्या आणि प्रत्येक तारेत 'काटकसर' हा शब्द असायचा. पहिली काटकसर पंखा ओढणाऱ्याची झाली, दुसरी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणाऱ्या भिस्त्याची. हे दोघे फेब्रुवारीत गेले. फेब्रुवारीत नागपुरात पंख्याची आठवण कोणाला येते? एप्रिलमध्ये शेवटची तार आली की नागपूरचं ऑफिस बंद करून किल्ल्या मुंबईला पाठवाव्यात.

आम्ही पाच कारकून उरलो होतो. साहेब नवे होते, वाईट नव्हते, पण आयुष्यात प्रथमच त्यांनी आमची पत्रं वाचली आणि कलम अकराशी येऊन थबकले. दुसऱ्या दिवशी आमच्या हेडक्लार्कांनी आम्हाला सभा भरवून सांगितलं की साहेबांची इच्छा आहे, सर्वांनी मानाने बाहेर पडावं. प्रत्येकाने राजीनामा द्यायचा. मग बंगल्यावर चहा होईल, हार होतील, खुर्च्या मांडून फोटो निघेल, आणि जाड कागदावर प्रत्येकाला प्रशस्तिपत्र मिळेल. हेडक्लार्कांनी 'मानाने' हा शब्द चार वेळा उच्चारला, आणि दर वेळी गळ्याला हात लावला, जणू हार आधीच पडला होता.

आज कोणाला हे हास्यास्पद वाटेल. पण आमच्या घराघरांतून वडील, मामे, सासरे सगळे सरकारी नोकरीतले. कचेरीच्या भाषेत माणूस 'रिटायर' होतो, 'राजीनामा' देतो किंवा त्याला 'काढतात'. काढलेला म्हणजे लाच खाल्लेला, यापलीकडे चौथा प्रकार कोणाला ठाऊक नव्हता. माझे सासरे निवृत्त नायब तहसीलदार. माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी सीताबर्डीवर त्यांच्याच घरी होती, सातवा महिना संपत आला होता, आणि ऑफिस बंद होतं आहे हे कळताच सासऱ्यांची चिठ्ठी आली: 'काय होईल ते होवो, नाव जाऊ देऊ नये.' मला पंचेचाळीस रुपये पगार होता. सहा वर्षं झाली होती. कलम अकराप्रमाणे सहा महिन्यांचा पगार, म्हणजे दुसरी नोकरी लागेपर्यंत तीन माणसांचं पोट. आणि ते सोडून द्यायला मी तयार झालो होतो.

नुसता तयारच झालो नव्हतो, राजीनामा लिहायला मी दोन दिवस घालवले. इंग्रजी वाङ्मयाचा माझा जो काही अभ्यास होता तो सगळा त्या एका पानात ओतला. बाबूजींना टाइप करायला दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावला.

"काहून गा, राजीनामा देऊन राहिला?"

"सगळेच देताहेत."

"बरं. वाच."

मी पहिलं वाक्य वाचलं. कृतज्ञतेने जड झालेल्या अंतःकरणाने मी हे लिहीत आहे, अशा अर्थाचं.

"नोकरी जाऊन राहिली तुझी, अन् जड तुझंच अंतःकरण? खोड ते."

"प्रतिकूल व्यापारी परिस्थिती ध्यानात घेऊन..."

"हे तर कंपनीचं वाक्य आहे. त्यांच्या पत्रात शोभीन. पुढं."

"मी स्वेच्छेने..."

"ही इच्छा कोणाची आहे?"

"साहेबांची."

"मग साहेबाले लिहू दे."

"कंपनीच्या छत्राखाली घालवलेली सहा सुखाची वर्षं..."

"सहा बरोबर आहे. सहा राहू दे. सुखाची खोड."

असं करता करता पानावर 'महाशय', 'सहा वर्षं' आणि 'आपला आज्ञाधारक सेवक' एवढंच उरलं. बाबूजींनी ते लांब धरून पाहिलं. "आता खोटं काही नाही राहिलं यात. दे नेऊन."

"पण सासऱ्यांना काय सांगू?" मी जवळजवळ ओरडलोच. "जावयाला काढलं म्हणून सांगू?"

"काढलं म्हणून सांग. दोष नसताना काढलं. पूर्ण वाक्य सांगायले किती वेळ लागते?"

मी कागद फाडला. फार शूरपणाने फाडला असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा लिहावासा वाटत होता.

बाकीच्या तिघांनी राजीनामे दिले. चहा झाला, हार झाले, फोटो निघाला. हेडक्लार्क मध्यभागी, गुडघ्यांवर हात ठेवून. आम्ही दोघे त्या वेळी ऑफिसात कोऱ्या रजिस्टरांवर नंबर घालत बसलो होतो.

मग साहेबांची आणि आमची लढाई सुरू झाली. म्हणजे लढाई बाबूजींची. मी नुसता त्यांच्या मागे उभा होतो. आम्हाला काढलं तर पैसे द्यायचे, तेव्हा साहेबांपुढे दोनच उपाय होते. आम्ही कंटाळून जाणं, किंवा आमच्या हातून दोष घडणं.

प्रथम टेबलं गेली. मग आमच्या खुर्च्या पश्चिमेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. मे महिन्यात तिथली फरशी दुपारी चपलेतून पोळायची. बाबूजींनी कांदा खिशात ठेवला, ओला पंचा डोक्यावर घेतला आणि मांडीवर रजिस्टर घेऊन बसले. बावीस वर्षं रोज जेवणानंतर ते एक डुलकी काढत. सगळ्या ऑफिसला ती वेळ माहीत होती. आता मात्र डुलकी म्हणजे दोष. एक वाजला की ते उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "डोळा लागला तर चिमटा काढ." मी वयाने निम्मा, पण त्यांना रोज दोन-तीन चिमटे काढले आणि त्यांनी प्रत्येक वेळी "आभारी आहो" म्हटलं.

एके दिवशी साहेब स्वतः बाहेर आले आणि फार मायेने म्हणाले की एवढ्या उन्हात कशाला येता, उद्यापासून घरीच बसा. मी उठायलाच लागलो होतो. बाबूजींनी माझ्या कोटाची शेपटी धरली.

"आपली कृपा आहे," ते साहेबांना म्हणाले. "फक्त दोन ओळी लिहून द्याव्यात."

साहेब आत गेले. ओळी आल्या नाहीत. "लिहून नाही दिलं, म्हणजे घरी बसलो असतो तर आपण गैरहजर," बाबूजी मला समजावू लागले. मी खाली बसलो. खुर्ची तापलेली होती.

त्यानंतर एकदा एका महिन्याचा पगार आला, पाकिटात, 'खास मेहेरबानी' म्हणून, सोबत सहीसाठी पावती. मला त्या दिवशी सासऱ्यांची दुसरी चिठ्ठी आली होती. मी पेन उघडलं. बाबूजींनी पावतीची शेवटची ओळ वाचून दाखवली: आता कंपनीकडे आमचं कोणतंही मागणं उरलेलं नाही. मी पेन बंद केलं. ते पाकीट परत नेताना चपराशी म्हणाला, "बाबूजी, साहेबाची हालत खराब आहे जी. आत भट्टी होऊन राहिली. मेमसाहेब पचमढीले जाऊन वीस दिवस झाले, रोज चिठ्ठी येऊन राहिली."

त्या दिवशी मला उमगलं की बाबूजी कशाची वाट पाहत होते. ऑफिस रिकामं झाल्याशिवाय साहेबांना किल्ल्या मुंबईला पाठवता येत नव्हत्या, आणि किल्ल्या पाठवल्याशिवाय पचमढीच्या थंड हवेत जाता येत नव्हतं. वर पंखा होता, ओढणारा नव्हता. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, भिजवणारा नव्हता. लंडनच्या काटकसरीने साहेबांना उकाड्यात उघडं टाकलं होतं. आणि समोर व्हरांड्यात दोन नागपूरकर बसले होते, ज्यांचा हा जन्मापासूनचा मे महिना होता.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"आपल्याले कुठं जायचं आहे?" ते म्हणाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी आत बोलावणं आलं. साहेबांचा चेहरा उकडल्यासारखा झाला होता. ते म्हणाले, ठीक आहे, आम्ही तुम्हाला काढत आहोत. पण टाइप येणारा ऑफिसात एकच माणूस उरला होता. तेव्हा स्वतःला काढल्याचं पत्र बाबूजींनीच टाइप केलं. टेबल नव्हतं म्हणून यंत्र स्टुलावर ठेवलं आणि ते जमिनीवर मांडी घालून बसले. साहेब सांगत गेले. मध्ये एकदा बाबूजी थांबले.

"'दोष नसताना' राहिलं, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले. "घाला."

त्यांनी घातलं. मग माझं पत्र टाइप केलं, दोन्हीच्या नकला काढल्या, नकलांवर नंबर टाकले आणि त्या फाइलीत लावल्या. बंद होणाऱ्या ऑफिसची ती शेवटची फाइल कोण बघणार होतं? पण रेकॉर्डकीपर अजून संध्याकाळी पाचपर्यंत नोकरीत होता. पैसे मोजून झाल्यावर साहेबांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला. "यापुढे मी जी सही करीन ती वाचून करीन," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

पाच वाजता आम्ही पायी निघालो. छत्र्या उघडल्या. वाटेत ओळखीचा प्रत्येक माणूस बाबूजींनी थांबवला. वकील, पोस्टमन, पानवाला, कोणी सुटला नाही. "काढलं आम्हाले!" ते अशा स्वरात सांगत की पानवाल्याने पेढे मागितले. मी दोन पावलं मागे राहत होतो. सीताबर्डी जवळ येत होती, आणि सासऱ्यांच्या घराचा व्हरांडा रस्त्यावरच होता.

ते बसलेले होतेच. शेजारी दोन पेन्शनर मित्र. तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"काय, झालं का ऑफिसचं?" सासरे म्हणाले. "दिलात ना राजीनामा?"

मी बाबूजींकडे पाहिलं. सबंध रस्ताभर बडबडणारा तो माणूस आता छत्रीच्या काड्या मोजत होता.

"नाही," मी म्हणालो. "काढलं मला. दोष नसताना काढलं." आवाज मला हवा होता त्याहून बराच मोठा निघाला. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून पाहू लागला.

सासऱ्यांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते तहसीलदारी पद्धतीने वाचलं, म्हणजे ओठ हलवत, आणि वाचून झाल्यावर मित्रांकडे दिलं. मी सहा महिन्यांचा पगार व्हरांड्याच्या कट्ट्यावर ठेवला. मग मित्रांपैकी एकजण घसा साफ करून म्हणाला, "आमचा धाकटा घरीच बसला आहे. तिथं काही जागा..."

"ऑफिस बंद झालं, काका."

"ते समजलं. पण नुसतं काढण्यापुरतं..."

सासऱ्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पत्र परत घेतलं, घडी घातली, आणि बंडीच्या खिशात, पेन्शनच्या कागदांबरोबर, स्वतःजवळ ठेवून घेतलं. मग घराकडे तोंड करून, शिंप्यालाही ऐकू जाईल अशा कचेरीतल्या आवाजात ओरडले:

"ऐकलं का वं! जावई आले आहेत. कंपनीनं काढलं त्यांना. चहा टाक, अन् यांच्या बाबूजींनाही टाक!"